पायताणाची पत

विल्यम केरी हे नाव मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असतं ते श्रीरामपूरच्या छापखान्यामुळे. १८०५ साली त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८१० साली मराठीचा कोश निघाला. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. त्यांच्या चरित्रातला एक तपशील मात्र आपल्याकडे ओझरता सांगून सोडून दिला जातो. हा माणूस मूळचा बूट शिवणारा. इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी गावी १७६१ साली त्यांचा जन्म झाला, पोरवयात त्यांनी बूट शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि हातात आरी असतानाच ते भाषा शिकत गेले. पुढे कलकत्त्याला कोणी तरी हिणवायला म्हणून त्यांचा जुना धंदा काढला, तेव्हा ‘करणारा कुठला, मी नुसता दुरुस्त करणारा होतो’ अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याची आठवण चरित्रकार सांगतात. मराठीच्या कामात त्यांना वैजनाथ पंडितांची मदत होती. त्या काळी आपल्याकडच्या चर्मकाराच्या पोराला कुठल्या पंडिताने अक्षर शिकवलं असतं, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही. साहेबाचा तोच धंदा मात्र कोणाला आडवा आला नाही. केरींचा तो परगणा आज उंची पुरुषी बुटांचं माहेरघर आहे. तिथल्या एका जोडीला पाचशे पौंड सहज पडतात, नावाजलेल्या घराण्याची असेल तर हजाराच्या वर. आणि कोल्हापुरात हातानेच केलेला, तितक्याच निगुतीने कमावलेल्या कातड्याचा जोड हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. हा फरक कसबाचा आहे, असं आपण धरून चालतो. माझ्या मते कसबाने या फरकातला फार थोडा भाग उलगडतो. बाकीचा सगळा भाग त्या कसबाभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा आणि ते करणाऱ्याला मिळालेल्या पतीचा आहे.

आधी हे पैसे जातात कुठे ते पाहू. चांगल्या बुटाची करामत दिसत नाही, ती तळात दडलेली असते. वासराचं मऊ कातडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, ओढून बसवतात. खाली आतला तळ असतो. पूर्ण हाताने करायचं असेल तर कारागीर या आतल्या तळाच्या कडेने रापीने खाच कोरून एक उभा कंगोरा मोकळा करतो, त्यात आरीने तिरकी भोकं पाडतो आणि राळ-मेण चोळलेल्या दोऱ्याने तो कंगोरा, वरचं कातडं आणि बाहेरून लावलेली बोटाएवढी अरुंद पट्टी एकत्र शिवून घेतो. या पट्टीला वेल्ट म्हणतात. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात; चालता चालता तो पायाच्या ठेवणीप्रमाणे दबतो. बाहेरचा तळ सर्वात शेवटी येतो आणि तो शिवला जातो फक्त वेल्टला. सगळं गमक इथे आहे. तळ झिजला की बाहेरची एक शिवण उसवायची, नवा तळ लावायचा. वरच्या कातड्याला सुईसुद्धा लागत नाही. असा बूट वीस-पंचवीस वर्षं सहज चालतो. चिकटवलेल्या तळाचा बूट, मग तो कितीही झगझगीत असो, तळ गेला की बहुधा फेकावाच लागतो. कातडं कापणाऱ्याचं कामही असंच न दिसणारं असतं. कुंपणाच्या तारेचा ओरखडा, गोचिडाचा डाग, मानेकडच्या सुरकुत्या हे सगळं टाळून, दोन्ही पायांचे तुकडे कातड्याच्या शेजारशेजारच्या भागांतून त्याला काढावे लागतात, नाहीतर वर्षभराने डाव्या बुटाला एक घडी पडते आणि उजव्याला भलतीच.

आता पहिला आक्षेप. नॉर्थॅम्प्टनचे बूट ‘हाताने केलेले’ म्हणून खपतात, पण ते खरोखर तसे असतात का? बहुतेक नसतात. चार्ल्स गुडइयर धाकटे (रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधणाऱ्या गुडइयरांचे चिरंजीव) यांनी १८७० च्या दशकात वेल्ट शिवायचं यंत्र बाजारात आणलं. तेव्हापासून कंगोरा कोरण्याऐवजी आतल्या तळाला कापडी पट्टी चिकटवतात आणि जे शिवायला हाताने तास न् तास लागत ते यंत्र मिनिटांत शिवतं. नॉर्थॅम्प्टनचे कारखाने आपल्या एका जोडीत दोनशेच्या वर क्रिया आणि साधारण आठ आठवडे जातात असं सांगतात. त्या क्रियांत हात असतो, पण हाताखाली यंत्र असतं. पूर्ण हाताचं काम पाहायचं तर लंडनला सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या जॉन लॉबसारख्या दुकानात जावं लागतं. हे लॉब १८२९ साली कॉर्नवॉलमध्ये जन्मले, ऑस्ट्रेलियात सोनं खणायला गेलेल्यांसाठी त्यांनी बूट केले आणि परत येऊन लंडनला दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाईकाच्या पायाचं माप घेऊन त्याच्यापुरता फर्मा तासतात, बूट मिळायला कित्येक महिने लागतात आणि किंमत पाच हजार पौंडांच्या पुढे जाते. म्हणजे ‘हाताने केलेला’ हा शिक्का किमतीचं कारण म्हणून पुरत नाही. यंत्राची मदत घेणारा नॉर्थॅम्प्टनचा बूट महाग आहे आणि यंत्राचा स्पर्शही नसलेली कोल्हापुरी स्वस्त आहे.

मग दुसरा आक्षेप येतो: हा सगळा नावाचा महिमा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नाव म्हणजे नुसती सोनेरी अक्षरं असती तर ती कोणालाही छापता आली असती. लॉबच्या तळघरात हजारो गिऱ्हाइकांचे फर्मे नावानिशी टांगलेले असतात. माणूस दहा वर्षांनी पुन्हा आला तरी त्याचा पाय दुकानाला माहीत असतो. नॉर्थॅम्प्टनचे बहुतेक चांगले कारखाने जुना जोड परत घेतात, तो मूळच्याच फर्म्यावर चढवतात, नवा तळ, नवी टाच, नवं बूच घालून पाठवतात आणि या कामाचा दर जाहीर असतो. गिऱ्हाईक पाचशे पौंड मोजतो तेव्हा त्या मोलात पंधरा वर्षांनंतरच्या या दुरुस्तीची हमीही असते. कारखाना तेव्हाही असेल, तोच फर्मा असेल आणि त्या मापाचं, त्या जाडीचं कातडंही मिळेल, असा त्याचा भरवसा असतो. कच्च्या मालासाठी ही मंडळी किती जागरूक असतात त्याची साक्ष फ्रान्समध्ये आहे. वासराचं उत्तम कातडं करणाऱ्या टॅनऱ्या एकेक करून बंद पडू लागल्या, तेव्हा पॅरिसच्या हर्मेस या उंची मालाच्या घराण्याने आनोने आणि पुई इथल्या टॅनऱ्या विकतच घेतल्या. (या हर्मेसकडे १९७६ पासून लॉबचं पॅरिसचं दुकान आणि तयार बुटांचा धंदा आहे, लंडनचं दुकान घरच्यांकडेच राहिलं.) पैसेवाल्या घराण्याने टॅनरी राखली ती दयेपोटी नव्हे. ती गेली असती तर नावही गेलं असतं, एवढा साधा तो हिशोब होता.

कातड्यापाशी आलोच आहोत तर थोडं थांबायला हवं, कारण कोल्हापूर आणि इंग्लंडातलं डेव्हन यांच्यातलं अंतर इथे जवळजवळ नाहीसं होतं. जगातलं बहुतांश कातडं आज क्रोमियमच्या क्षारांनी एक-दोन दिवसांत कमावतात. डेव्हनमधल्या कोलिटन गावी बेकर यांची टॅनरी अजून ओकच्या सालीत कमावते. तळाचं जाड कातडं तयार व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो आणि म्हणून उंची बूट करणारे ते मागून घेतात. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. दोन्हीकडे काम करतं ते झाडातलं टॅनिनच, दोन्हीकडे कातडं घट्ट होतं, घाम शोषतं, पायाखाली हळूहळू आकार धरतं. पुढची कृती तर कोल्हापुराची जास्त कडक. तळाचे थर ओले करून, कुटून, एकमेकांवर बसवायचे, कातड्याच्याच वादीने शिवायचे. रीतसर केलेल्या जोडात खिळा नाही. पंज्यावरचा पट्टा, अंगठ्याची कडी, कडेचे कान आणि बोटांनी विणलेली वेणी हे सगळं हातचं, आणि यातलं नाजूक काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात, ज्यांना कारागीर म्हणून कोणी मोजत नाही. पायाला आधी चावणारा आणि मग पायाचाच होऊन जाणारा हा जोड तेल पाजून वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. कातड्याच्या प्रतीवर किंवा हाताच्या कष्टावर किंमत ठरली असती तर दोन्हींमधलं अंतर इतकं रुंद राहिलं नसतं.

यावर जाणकार म्हणतील की चप्पल आणि बूट यांची तुलनाच चूक. बुटाला फर्मा लागतो, पायाचा पूर्ण घेर धरावा लागतो, शिवणी कितीतरी जास्त. हे मान्य करायला हवं. बूट अवघड आहे यात वाद नाही. पण मग कमरेचा पट्टा घ्या. त्याच्यापेक्षा साधी वस्तू कातड्यात नाही: एक लांब पट्टी, एक बक्कल, पाच भोकं. तरी इंग्लंडातल्या वॉल्सॉल गावात घोड्याच्या खोगिराच्या कातड्याचे, हाती शिवलेले पट्टे आणि पाकिटं भरपूर किमतीला जातात. खोगिरकाराची शिवण एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन सुयांत ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार नेऊन घालतात. त्यातला एक टाका तुटला तर शेजारचे जागेवर राहतात. यंत्राची शिवण एका ठिकाणी तुटली की उसवत जाते. कसब खरं आहे, पण ते एखाद्या हुशार पोराला काही आठवड्यांत येतं. पट्ट्याच्या किमतीत वॉल्सॉलच्या दोनशे वर्षांच्या खोगीरधंद्याचा मान धरलेला असतो. तिथल्या फुटबॉल संघाला लोक ‘सॅडलर्स’ म्हणतात आणि नॉर्थॅम्प्टनच्या संघाला ‘कॉबलर्स’. खोगीरवाले आणि चपलाबूट शिवणारे ही नावं घेऊन हजारो लोक शनिवारी मैदानात ओरडतात. आपल्याकडे एखाद्या शहराच्या संघाने तिथल्या चर्मकारीचं नाव घेतल्याचं कोणी कल्पनेत तरी आणून पाहावं.

हा मान आकाशातून पडला नाही. नॉर्थॅम्प्टनला पाणी होतं, ओकची जंगलं होती, गुरांचे बाजार होते. १६४२ साली फौजेसाठी चार हजार जोडी बूट आणि सहाशे जोडी उंच बुटांची मागणी या गावाला मिळाली, आणि पुढची अडीचशे वर्षं लष्करी मागण्यांनी धंदा पोसला. पण त्या गावचे कारागीर नुसते मागणी पुरवत बसले नाहीत. १८५० च्या दशकाच्या अखेरीस शिवणयंत्रं आली तेव्हा त्यांनी संप केला. हरले, तरी संघटना राहिली. कामावर बसल्या बसल्या एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी शिवत ऐकायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत. वाद घालणारे, धर्माला आणि राजाला प्रश्न विचारणारे म्हणून बूट शिवणारे इंग्लंडभर बदनाम होते. त्यांच्या मतांवर १८८० साली नॉर्थॅम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ पार्लमेंटात निवडून गेले. ब्रॅडलॉ नास्तिक होते, शपथेच्या वादावरून त्यांना सभागृहात बसू दिलं गेलं नाही. गावाने त्यांना पुन्हा निवडून दिलं, परत परत दिलं, आणि १८८६ मध्ये ते अखेर आपल्या जागेवर बसले. याच ब्रॅडलॉंनी हिंदुस्थानची बाजू इतक्या वेळा मांडली की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते जातीने हजर होते. ज्या कारागिरांना गावचा प्रतिनिधी ठरवता येतो, त्यांच्या हातच्या वस्तूचा भाव पाडताना व्यापाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. इंग्लंडचं गुणगान गाण्याचा हेतू नाही. त्याच गावात अंधाऱ्या खोल्यांत पोरंबाळं रात्ररात्र राबली आहेत. पण तिथली दैना भाव ठरवताना लढता येण्याजोगी होती. जन्माने चिकटलेली नव्हती.

कोल्हापूरकडे वळलं की नेमकी हीच गोष्ट वेगळी दिसते. शाहू महाराजांच्या राज्यात या धंद्याला उत्तेजन मिळालं, आणि १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखणारा हा राजा चपलेकडे नुसती हौसेची वस्तू म्हणून पाहत नव्हता हे उघड आहे. पण चप्पल करणारा आणि विकणारा यांच्यातली दरी कायम राहिली. घरी बसून काम करणाऱ्याला कातडं उधारीवर मिळतं, जोड व्यापारी उचलतो, आणि जोडावर नाव असतं ते दुकानाचं. नॉर्थॅम्प्टनला जे फर्मे आणि मापं पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, तसं इथे प्रमाण मापच रुजलं नाही. आठ नंबर म्हणून घेतलेला जोड दुसऱ्या घरचा असेल तर सात निघतो. वरून बाजारात परप्रांतातून आलेला, यंत्रावर कापलेला, रेग्झीनचा जोडही ‘कोल्हापुरी’ म्हणूनच विकला जातो. २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा जाड कातड्याचा एक मोठा स्रोत आटला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध तावातावाने बोलणाऱ्यांत चप्पल करणाऱ्याचं म्हणणं क्वचितच ऐकू आलं. २०१८ च्या अखेरीस भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमावादात जन्म घालवलेल्या दोन राज्यांनी चपलेवर एकत्र सही करावी हा योग मौजेचा आहे, आणि बेळगावकडच्या अथणीच्या कारागिरांचं काम पाहिलं तर न्याय्यही. पण मानांकन म्हणजे कुंपण. आतल्या जमिनीची मशागत त्याने होत नाही.

या पार्श्वभूमीवर प्राडा या इटालियन फॅशन-कंपनीचं प्रकरण पाहायला हवं. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषी फॅशन-प्रदर्शनात कोल्हापुरीच्याच वळणाच्या चपला मंचावर आल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठे नव्हतं. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ (लिडकॉम), कर्नाटकचं त्याच धर्तीचं महामंडळ आणि प्राडा यांच्यात करार झाला: सुमारे दोन हजार जोड इथे करायचे, किंमत सुमारे आठशे युरो, शिवाय कारागिरांचं प्रशिक्षण. आपल्याकडे या सगळ्याची चर्चा ‘चोरी’ आणि ‘सन्मान’ या दोन टोकांत संपली. मला त्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. नॉर्थॅम्प्टनची चर्च्स ही १८७३ ची जुनी बूट-कंपनी १९९९ पासून प्राडाच्याच छत्राखाली आहे. तिथे प्राडाने गावाचं नाव पुसलं नाही. उलट नॉर्थॅम्प्टन हेच विकलं, कारण त्या नावामागे कारखाना, फर्मे, दुरुस्ती आणि इतिहास असा सगळा पसारा उभा होता. कोल्हापूरचं नाव विसरणं सोपं गेलं, कारण मागे असं काही उभं नव्हतं. दोष कंपनीचा आहेच, पण तिला तशी मोकळीक आपणच दिलेली होती.

सर्वात जड आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो बाजाराचा नाही. जो धंदा जातीने माथी मारला, तो टिकवावा तरी कशाला? बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडायला सांगितलं ते काही कसबाच्या द्वेषाने नव्हे. चर्मकाराच्या मुलाने शिकून दुसरं काही व्हावं, यात रडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. बापाचा धंदा मुलाने चालवावा अशी हाकाटी करणारे बहुधा दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलत असतात. पण या आक्षेपातून निघतं ते एवढंच की धंदा वंशाच्या हातून सुटायला हवा. तो मरायला हवा असं त्यातून निघत नाही. जपानचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथेही कातड्याचं काम बुराकुमिन म्हणून हिणवलेल्या लोकांकडे होतं. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. तरीही आज पूर्ण हाताने बूट करणाऱ्यांत जपानी कारागिरांचा जगभर दबदबा आहे. त्यांतले कित्येक तरुण-तरुणी कुठल्याही घरातून येतात. इंग्लंडला, फ्लॉरेन्सला जाऊन शिकून येतात आणि टोकियोत स्वतःच्या नावाने दुकान काढतात. वारसा तिथे जन्माकडून शाळेकडे गेला. आपल्याकडे चर्मकला शिकवणाऱ्या संस्था आहेत, पण कोल्हापुरी चप्पल शिकायला चर्मकार घराबाहेरचं पोर रांगेत उभं राहतंय असं चित्र नाही. ते दिसू लागेल तेव्हा या धंद्याची पत बदलू लागली असं समजायला हरकत नाही.

उरतो शेतकऱ्याच्या पायाचा प्रश्न. कोल्हापुरी ही मुळात उसाच्या फडातून, खडीच्या रस्त्यातून चालणाऱ्यांची वहाण. ती महाग झाली तर त्यांनी काय घालायचं? खरं तर त्यांच्या पायात ती आता फारशी नाहीच, तिथे रबरी स्लीपर कधीच आली आहे. आणि महाग माल झाला म्हणून स्वस्त माल जात नाही; नॉर्थॅम्प्टनच्या गावातही फौजेचे आणि मजुरांचे दणकट बूट उंची बुटांच्या शेजारीच होत. भीती वेगळ्या गोष्टीची बाळगावी: किंमत वाढेल ती फक्त मिलानच्या काचेमागे, आणि कोल्हापुरात सुभाषनगरच्या कारागिराच्या घरात मजुरीचा आकडा जागचा हलणार नाही. त्याला उपाय मोठमोठ्या प्रदर्शनांत नाही. लिडकॉमने २०२५ मध्ये जोडावर क्यूआर कोड लावायला घेतला, त्यात करणाऱ्याचं नाव असतं. ही सुरुवात चांगली आहे, पण ती विक्रीपाशी थांबते. त्याच कोडवरून जोड परत कोल्हापूरला पाठवता यावा, ठरलेल्या, छापील दरात त्याचा तळ बदलावा, वादी पुन्हा ओवावी, आणि ते काम व त्याचे पैसे शक्यतो मूळ कारागिराकडेच जावेत, असं दुरुस्तीचं एक केंद्र महामंडळाला चालवता येईल. शहरातल्या एका चकाचक शोरूमच्या भाड्यात ते वर्षभर चालेल. त्यासाठी मापं एकसारखी करावी लागतील, फर्मे नसले तरी पावलांच्या साच्यांची नोंदवही ठेवावी लागेल, आणि कोणता तळ किती महिन्यांत का गेला हे कारागिराच्या घरापर्यंत पोचवावं लागेल. चप्पल विकत घेणाऱ्यानेही मग दुकानात घासाघीस करताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही: झिजल्यावर ही परत घ्याल का, आणि किती घ्याल?